पेनाला समोर कुणीतरी लागतं

“मे दा पेना इर्मे.”

माद्रिदमध्ये कुणी असं म्हणालं तर समजावं, की त्याचा पाय निघत नाहीये. गप्पा रंगल्यात, माणसं आवडलीत आणि आता उठायचं म्हणून त्याला वाईट वाटतंय. मेक्सिकोतल्या पुएब्लात हेच शब्द ह्याच क्रमाने कुणी म्हणालं, तर त्याला बहुतेक केव्हापासून निघायचंच असतं. सकाळी लवकर कामावर जायचंय, शेवटची बस चुकायची धास्ती आहे. पण यजमानीण बाई अजून स्वयंपाकघरातच आहेत, केक कापायचा राहिलाय, आणि मध्येच उठलो तर कसं दिसेल ह्या विचाराने तो खुर्चीत नुसता चुळबुळतोय. एकाला राहायचंय, दुसऱ्याला जायचंय. वाक्य तेच.

सगळा गोंधळ ‘पेना’ ह्या शब्दाचा. (आपल्या गणपतीवाल्या पेणशी त्याचं काही नातं नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या मावशीने पहिल्यांदा तेच विचारलं होतं.) पुण्यात स्पॅनिश शिकताना मी वहीत त्याच्यापुढे ‘दुःख, कीव’ असं लिहून घेतलं होतं. आमच्या बाईंची स्पॅनिश स्पेनची, पुस्तकंही तिकडचीच. तिकडच्यापुरतं ते बरोबरच होतं. पुढे मेक्सिकोत बिऱ्हाड केलं आणि पाहते तर काय, दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात, जिथे जावं तिथे माणसांना पेना होतेय, आणि दुःखी तर एकही दिसत नाही.

रस्त्यात ठेच लागून पडलो आणि चार लोकांनी पाहिलं, की पेना. पैसे उसने मागायचे, की पेना. वर्गात उभं राहून गाणं म्हणायचं, की पेना. चारचौघांत कुणी तोंडभरून कौतुक केलं, तर तीसुद्धा पेनाच. मराठीत आपण पडल्यावर ओशाळतो, पैसे मागताना संकोचतो, गाताना बुजतो आणि कौतुकाने लाजतो; प्रत्येक प्रसंगाला वेगळं क्रियापद काढून ठेवलेलं आहे. मेक्सिकन माणसाला एवढ्या भांड्यांची गरज पडत नाही.

तरीही ह्या पेनासाठी एकच मराठी शब्द निवड म्हणाल, तर मी ‘भीड’ निवडेन. इतका चपखल बसतो की कधीकधी शंका यावी. “मे दियो पेना देसिर्ले के नो” म्हणजे त्यांना नाही म्हणायला जीभ रेटेना, भीड मोडवली नाही. ‘पेर्देर ला पेना’ म्हणजे भीड चेपणं. ‘पेनोसा’ म्हणजे भिडस्त मुलगी. आपल्याकडे ‘भीड भिकेची बहीण’ म्हणतात, तर स्पॅनिशमध्ये म्हण आहे की ज्याला लाज आहे तो ना जेवतो ना न्याहारी करतो. त्या म्हणीत शब्द ‘बेर्ग्वेन्सा’ आहे, पेना नाही, कारण ती म्हण जुनी आणि पलीकडच्या किनाऱ्यावरची. मेक्सिकोत बेर्ग्वेन्सा आता जड झालीय. ती लाज वाटण्यासारखं काहीतरी केल्यावरची लाज: पकडलं गेलेलं खोटं, बुडवलेलं कर्ज, दारू पिऊन घातलेला धिंगाणा. रोजच्या वापरातली, हलकी, काही गुन्हा नसताना नुसत्या माणसांच्या असण्याने वाटणारी जी लाज, ती पेनाकडे आली.

शेजारच्या आजींकडे एकदा आई आणि मी गेलो होतो. आई तेव्हा माझ्याकडे राहायला आलेली. आजींनी ‘आर्रोस कोन लेचे’ केलं होतं. आपली तांदळाची खीरच म्हणा, फक्त वेलचीच्या जागी दालचिनी आणि अंमळ घट्ट. आईने एक वाटी खाल्ली, छान म्हणाली, आणि आजींनी दुसऱ्यांदा डाव पुढे केल्यावर वाटीवर आडवा हात धरला. आजींनी माझ्याकडे पाहिलं. “दीगाले के नो ले दे पेना,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “आई, भीड धरू नकोस म्हणतायत.”

“अगं भीड कसली,” आई म्हणाली, “शुगर आहे मला. सांग त्यांना.”

मी सांगितलं. आजींनी ते ऐकलं, मान डोलावली आणि अर्धा डाव वाढला. त्यांच्या हिशेबात, पाहुणी जे काही कारण देते ते भिडेपोटीच देते. हा हिशेब आईला अजिबात परका वाटला नाही. रत्नागिरीला तिच्या आत्याबाई अशाच होत्या.

व्याकरणाचं म्हणाल तर इथे मराठी माणसाला काही शिकावं लागत नाही. ‘मे दा पेना’ म्हणजे अक्षरशः ‘मला पेना देतं’. लाजणारा माणूस त्या वाक्यात कर्ता नसतोच, भावना बाहेरून कुठूनतरी येते आणि त्याच्या पदरात पडते. मला भीड वाटते, मला वाईट वाटतं, मला आवडतं: ही घडण आपल्या जिभेवर तयार आहे. पुण्यातल्या वर्गात जी मुलं मनातल्या मनात इंग्रजीतून गणित मांडायची ती ह्या वाक्यांपाशी हटकून अडायची, आणि मराठीतून मांडणारी पुढे निघून जायची.

मग नेमका अर्थ ठरवतं कोण? बऱ्याचदा एखादं चिमूटभर अव्यय. “मे दा पेना तु एर्मानो” म्हणजे तुझ्या भावाची मला कीव येते. त्यात एक ‘कोन’ घातला, “मे दा पेना कोन तु एर्मानो”, की झालं: तुझ्या भावासमोर मला अवघडल्यासारखं होतं. मराठीत हेच काम प्रत्यय करतात. भावाची, भावासमोर. पहिल्या वाक्यात मी भावाकडे बघतेय. दुसऱ्यात भाऊ माझ्याकडे बघतोय.

मला वाटतं ह्या शब्दाची सगळी मेख ह्या बघण्यात आहे. माद्रिदची पेना ज्याचं वाईट झालंय त्याच्याकडे बघते, आणि पुएब्लाची पेना आपल्याकडे बघणाऱ्यांकडे बघते. दोन्हीकडे समोर कुणीतरी लागतंच. बंद खोलीत एकट्याला मेक्सिकन पेना होत नाही; झालीच तर उद्या लोक काय म्हणतील ह्याच्या कल्पनेने होते.

आता कुणी म्हणेल, मेक्सिकोत ‘पेना’चा दुःख हा अर्थ पुसलाच गेलाय का? तर नाही. आमच्या गल्लीत एक गृहस्थ गेले, त्या रात्री मी ‘बेलोरियो’ला, म्हणजे देह घरात ठेवून रात्रभर जागतात त्याला, गेले होते. फाटकाबाहेर भाड्याच्या पत्र्याच्या खुर्च्या मांडलेल्या, आत मेणबत्त्या आणि नार्डोची, म्हणजे आपल्या निशिगंधाची, फुलं. निशिगंध मूळचा मेक्सिकोचाच, पण तिथे त्या वासाने मला एकदम दादरचा फूलबाजार आठवला आणि क्षणभर आपण कुठे बसलोय ते कळेना. दारातून येणारा प्रत्येक जण विधवा बाईंचे दोन्ही हात हातात घेऊन एकच वाक्य म्हणत होता: “ला आकोम्पान्यो एन सु पेना.” तुमच्या दुःखात मी सोबत आहे. इथे पेना म्हणजे शोक, पुण्यातल्या वहीतल्यासारखा.

मग त्यांची सून मातीच्या मडक्यात उकळलेली कॉफी घेऊन आली. त्या कॉफीत दालचिनी असते आणि पिलोन्सिओ, म्हणजे जवळपास आपला गूळच. सोबत परडीत गोड पाव. माझ्या शेजारच्या बाईंनी, ज्यांनी नुकताच ‘पेना’ शब्द उच्चारून डोळे पुसले होते, पाव घ्यायला नकार दिला. “आय, नो, मे दा पेना.” दुखवट्याच्या घरी खायचं म्हणजे संकोच. सून म्हणाली, “नो, के पेना नि के पेना, आंदेले,” आणि पाव त्यांच्या मांडीवरच्या रुमालात ठेवला. भीड नाही आणि बीड नाही, घ्या मुकाट्याने, असा सूर.

आणि एवढ्यात जपमाळ सुरू झाली. प्रार्थना सांगणारी एक ठरलेली बाई असते, ती एक ओळ म्हणते आणि बाकीचे दुसरी. हा रोसारिओ अंत्यविधीनंतर आणखी नऊ दिवस चालतो, त्याला नोबेनारियो म्हणतात, आणि तो कशासाठी, तर गेलेल्याच्या जिवाला शुद्धिस्थानात ज्या ‘पेनास’ भोगाव्या लागतात त्या कमी व्हाव्यात म्हणून. कॅथलिक समजुतीप्रमाणे स्वर्गाच्या अलीकडे हे एक ठाणं आहे, तिथे उरलेला हिशेब चुकवायचा. ज्याचा चुकत नाही तो ‘आल्मा एन पेना’, भटकता आत्मा. खाली चिलीत तर ‘त्या घरात पेनान’ म्हटलं की तिथे भुताटकी आहे असं समजतात.

एका खोलीत, तासाभराच्या आत, हा शब्द तीनदा तीन अर्थांनी गेला, आणि एकानेही “कुठली पेना म्हणताय?” असं विचारलं नाही. शब्दकोशवाले अर्थांना 1, 2, 3 असे आकडे देतात. बोलणाऱ्याच्या डोक्यात ते आकडे नसतात.

प्रदेश बदलला की खेळ आणखी रंगतो. कोलंबियाच्या राजधानीत, बोगोतात, लोक तर कुठलंही काम सांगायच्या आधी “के पेना कोन उस्तेद” म्हणून घेतात. रस्ता विचारायचा, पेन मागायचं, रांगेत पुढच्याला थोडं सरका म्हणायचं, सगळ्याची सुरुवात पेनाने. आपल्या ‘तुम्हाला त्रास देतो हं जरा’सारखं. त्यापुढे ते म्हणतात, “मला एक तिंतो भेट द्याल का?” भेट म्हणजे फुकट नव्हे; पैसे देऊनच प्यायची असते ती काळी कॉफी. स्पेनहून गेलेला माणूस इथे दोनदा चकतो, कारण त्याच्या गावी तिंतो म्हणजे लाल वाइन आणि ‘के पेना’ म्हणजे ‘अरेरे’. आपली क्षमा मागितली जातेय की आपल्याबद्दल हळहळ व्यक्त होतेय, हे त्याला कळत नाही. ग्वाटेमालात आभार मानले तर समोरचा “नो तेंगा पेना” म्हणेल. त्यात ना दुःख, ना लाज. नुसतं ‘काही नाही हो, असू द्या’.

उलट दिशेला जाणाऱ्यांची फजिती जास्त. मेक्सिकन मुलगी स्पेनमध्ये नव्या मैत्रिणींना लाजत लाजत सांगते, “मी फार पेनोसा आहे.” ती म्हणतेय, मी बुजरी आहे, मला सांभाळून घ्या. मैत्रिणींना ऐकू येतं, माझी अवस्था फारच केविलवाणी आहे. स्पेनमध्ये ‘पेनोसो’ म्हणजे दयनीय, टाकाऊ, आणि एखादा ‘दे पेना’ गातो म्हणजे ऐकवत नाही असं गातो. दुसऱ्याचं गाणं ऐकून आपल्यालाच मान खाली घालावीशी वाटते, त्यालाही दोन्हीकडे वेगळी नावं आहेत: मेक्सिकोत ‘पेना आहेना’, परक्याची पेना, स्पेनमध्ये ‘बेर्ग्वेन्था आहेना’, परक्याची लाज. ह्या भावनेला मराठीत स्वतंत्र नाव हवं होतं असं मला टीव्हीवरच्या काही मुलाखती बघताना फार वाटतं.

स्पेनची काही मंडळी म्हणतात, पेनाचा हा लाजेचा अर्थ म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्यांनी बिघडवलेला शब्द. मेक्सिकोत सुमारे 13 कोटी माणसं राहतात, स्पेनमध्ये पाच कोटींच्या आसपास. कोण बिघडलंय हे मोजायचंच म्हटलं तर मोजणी अवघड जाईल. शिवाय हा अर्थ एकट्या मेक्सिकोचा नाही. मध्य अमेरिका, कोलंबिया, वेनेझुएला, क्युबा, सगळीकडे तो आहे. स्पेनची भाषा-अकादमी 1713 सालची, आणि तिच्या कोशात असे अर्थ ‘मेक्सिकोत’, ‘कोलंबियात’ अशा चिठ्ठ्या लावून येतात. जणू बिनचिठ्ठीचं ते सगळ्यांचं आणि चिठ्ठीचं ते गावाकडचं. म्हणूनच मेक्सिकोतल्या ‘एल कोलेहियो दे मेहिको’ ह्या संस्थेने 1973 मध्ये लुईस फर्नांदो लारा ह्यांच्या देखरेखीखाली मेक्सिकन स्पॅनिशचा स्वतंत्र कोश करायला घेतला. तो 2010 मध्ये पुरा छापून आला. त्यात मेक्सिकन अर्थांना चिठ्ठी लागत नाही, कारण अख्खा कोशच मेक्सिकोत बसून मेक्सिकोकडे बघतो. ह्या बाबतीत मी पुएब्लाच्या बाजूने आहे.

आपल्याला खरं तर हे सांगायला नको. नागपूर ओलांडून थोडं पुढे गेलं की ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण होतं. लहानपणी दूरदर्शनवर ‘शिक्षा मंत्री’ ऐकून, ह्या माणसाचं काम दिवसभर छड्या मारायचं असणार, अशी कल्पना केलेली किती मराठी मुलं असतील! आपला संसार चार भांड्यांचा, हिंदीतला संसार अख्ख्या जगाएवढा. आपण चेष्टा करतो ती थट्टा, त्यांची चेष्टा म्हणजे प्रयत्न. आणि ज्या ‘भीड’ने मी मेक्सिकन पेना समजून घेतली, ती तर हिंदीत गर्दी आहे. एका अर्थी ठीकच आहे. आपली भीड लागायला त्यांची भीड असावी लागते.

लागायला! कामासाठी पुण्याला निघालेल्या इथल्या एका सहकाऱ्याला मी थोडं मराठी शिकवत होते, तो ह्याच क्रियापदापाशी हात टेकून बसला. भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, नजर लागते, वेळ लागतो, झोप लागते, दार लागतं, ‘हा तुझा कोण लागतो’, आणि वर ‘मला बस लागते’. मला बस लागते म्हणजे बसची गरज आहे की बस अंगावर येते, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, उलटी होते. त्याने वही मिटली. त्यापुढे पेनाचे चार-सहा अर्थ म्हणजे पोरखेळ आहे.

मुळाकडे गेलं की पेना एकदम कडक चेहऱ्याची होते. लॅटिनमध्ये ‘पोएना’ म्हणजे दंड, आणि तो शब्द ग्रीक ‘पोइने’वरून आला. पोइने म्हणजे खुनाची भरपाई, मारलेल्या माणसाबद्दल त्याच्या घरच्यांना मोजायची रक्कम. होमरच्या ‘इलियड’मध्ये अकिलीसच्या ढालीवर जी चित्रं कोरलेली आहेत, त्यांतल्या एकात भर बाजारात दोन माणसं ह्या पोइनेवरून भांडताना दाखवलीत. एक म्हणतो, सगळी दिली. दुसरा म्हणतो, काहीच घेणार नाही. भोवती लोक दोन बाजू घेऊन ओरडतायत आणि गावचे वडीलधारे गुळगुळीत दगडांवर गोल बसून निवाडा करतायत. आपल्या एखाद्या गावच्या पारावरचं दृश्य वाटावं. म्हणजे पेनाचा हा सर्वांत जुना पूर्वज आपल्याला भेटतो तो गर्दीतच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत देणं फेडताना.

तो कायद्याचा अर्थ आजही ठणठणीत आहे. ‘पेना दे मुएर्ते’ म्हणजे मृत्युदंड. स्पेनच्या 1978 च्या राज्यघटनेने कलम 15 मध्ये तो रद्द केला, फक्त युद्धकाळातल्या लष्करी कायद्यापुरती फट ठेवली, आणि 1995 मध्ये तीही बुजवली. मेक्सिकोने 2005 मध्ये तो घटनेतून काढून टाकला. स्पेनच्याच घटनेच्या कलम 25 मध्ये एक गंमत आहे: तुरुंगवासाच्या पेनांचा रोख कैद्याला पुन्हा शिकवण्याकडे आणि समाजात परत आणण्याकडे असावा, असं ते सांगतं. शिक्षेने शिक्षा द्यावी, असं हे वाक्य अर्धं मराठीत आणि अर्धं हिंदीत फार छान होईल. आपल्याकडे ह्याच पोएनाची नात दीडशेहून अधिक वर्षं मुक्कामाला होती. 1860 चा ‘इंडियन पीनल कोड’, वर्तमानपत्रांतला ‘भादंवि’, 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा तो निवृत्त झाला. मराठीने त्याचं ‘दंड विधान’ केलं होतं ते मूळ अर्थाला अगदी धरून, कारण दंड आपण भरतो, पोइनेसारखाच.

आणि फुटबॉल राहिलाच. पेनल्टीला समालोचक ऐटीत ‘ला पेना माक्सिमा’ म्हणतात, सर्वोच्च शिक्षा. रोजच्या बोलण्यात मेक्सिकोत तिला ‘पेनाल’ म्हणतात, आणि तुरुंगालाही ‘पेनाल’च. वर्ल्ड कपच्या काळात कोपऱ्यावरच्या टाको दुकानात जमलेल्या गर्दीत मी पेनाल हुकलेला पाहिलाय. खेळाडूने जर्सी तोंडावर ओढून घेतली, तेव्हा त्या छोट्याशा दुकानात पेनाचे जेवढे म्हणून अर्थ आहेत तेवढे सगळे एकदम हजर होते. टाकोवाला मात्र एकाच अर्थाने बोलला आणि तो छापता येणार नाही.

ह्या सगळ्यात ‘बाले ला पेना’ कुठे बसतं? म्हणजे एखादी गोष्ट करण्याच्या लायकीची आहे, तिच्यासाठी खस्ता खाव्यात. तिथे पेना म्हणजे कष्ट. आपण म्हणतो कष्टाचं चीज झालं. संस्कृतातला ‘कष्ट’ हा त्रास, पीडा. मराठीत येता येता तो घामाचा झाला. दुःखापासून मेहनतीपर्यंतची वाट दोन्ही भाषांनी आपापली शोधली, एकमेकींना न विचारता.

समोर कुणीतरी लागतं, असं मी म्हणत आलेय खरी, पण आंदालुसिया माझं ऐकत नाही. स्पेनच्या दक्षिणेला, फ्लामेंको ह्या गाण्या-नाचाच्या मुलखात, पेना कुणाचीच नसते. ती कशामुळे झाली हे सांगता येत नाही, कुणाच्या मरणाने किंवा विरहाने झालेली असेलच असं नाही, ती असते. स्पॅनिश कवी लोर्काने 1928 मध्ये जिप्सींवरची गाथागीतं प्रसिद्ध केली, त्यात एक गीत ह्या काळ्या पेनावरच आहे, आणि पुढे एका व्याख्यानात तो म्हणाला की त्या संग्रहात खरं तर एकच पात्र आहे, ते म्हणजे पेना. तिथे ना कीव, ना भीड, ना दंड. माझा सिद्धांत तिथे गळून पडतो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

कारण तिथेच मला एक वेगळाच शब्द सापडला. फ्लामेंको गाणारे जिप्सी पेनाला त्यांच्या ‘कालो’ बोलीत ‘दुकेलास’ म्हणतात. ही माणसं मुळात भारतातून निघालेली. स्पेनमध्ये त्यांची पहिली लेखी नोंद 1425 ची आहे, आरागोनच्या राजाने त्यांच्या एका म्होरक्याला दिलेला प्रवासाचा परवाना. वाटेत शतकानुशतकं गेली, इराण, आर्मेनिया, ग्रीस मागे पडलं, वाटेतल्या प्रत्येक भाषेचे शब्द चिकटत गेले. दुकेलासमधला ‘दुक’ मात्र रोमानी ह्या जिप्सींच्या मूळ भाषेतल्या ‘दुख’वरून आलेला आहे, आणि तो आपला ‘दुःख’. सेविलमध्ये एखादी म्हातारी गाताना ‘मिस दुकेलास’ म्हणून सूर ताणते, तेव्हा मला त्या ओळीतला तेवढाच एक शब्द भाषांतराशिवाय समजतो.

सगळ्यात शेवटी मी जे शिकले ते मात्र एकदम कोरडं निघालं. मेक्सिकोत कुठल्याही खिडकीपाशी, तासभर रांगेत उभं राहून तुमचा नंबर आला की पलीकडचा माणूस घड्याळाकडे बघतो आणि म्हणतो, “पुएस कोन ला पेना, सेन्योरीता, ला काहा या सेर्रो.” काय करणार, खिडकी बंद झाली. ‘कोन ला पेना’, म्हणजे पेनासकट. ह्या वाक्यात पेना औषधालाही नसते. त्याला दुःख नाही, संकोच नाही, तो तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. आपल्या सरकारी पत्रांत ‘सखेद कळविण्यात येते की’ असतं ना, त्यात जेवढा खेद असतो तेवढीच ही पेना. तरी ते दोन-तीन शब्द असल्याशिवाय नकार उघडा पडतो, म्हणून तो ते अंगावर घालतो.

मला हे फार आवडलं. आमच्या इमारतीत दर काही दिवसांनी एक तरुण मुलगा पाण्याचा फिल्टर विकायला येतो. हसतमुख आहे, वाईट माणूस नाही, आणि आधी त्याला घालवायला माझी भीड मोडत नसे. तासभर प्रात्यक्षिक बघत बसायचे. परवा दार उघडलं आणि म्हटलं, “कोन ला पेना, पण नको.” 

“नो तेंगा पेना, सेन्योरा,” तो म्हणाला, आणि बॅगेतून नळाला लावायची तोटी काढून विचारलं, नुसती बघणार का.